खड्डा क्रमांक सतराची जबाबदारी

दिनांक : २ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मैदान अधिकारी,
क्रीडांगण व उद्याने कक्ष,
जुनी इमारत, तळमजला, खोली क्र. ४,
डोंबिवली (पश्चिम).

अर्जदार : सौ. हेमांगी जयेश तरे (माहेरचे नाव कु. हेमांगी दामाजी नाखवा), मानसेवी प्रशिक्षक, मुलींचा फुटबॉल संघ, भराव मैदान. राहणार वर्तकनगर, ठाणे.

विषय : भराव मैदानावरील खड्डा क्र. १७ ची जबाबदारी माझ्यावर निश्चित करून मैदान मुलींच्या सरावासाठी खुले करणेबाबत.

संदर्भ :
१) माझे अर्ज दि. १२ जून २०२३, ३ जून २०२४ व १० जून २०२५ (मंडपाचे खड्डे बुजविणेबाबत. उत्तर नाही).
२) आपले पत्र दि. ११ नोव्हेंबर २०२५ (मैदान सरावासाठी बंद ठेवणेबाबत).
३) स्थळपाहणी व पंचनामा दि. १३ नोव्हेंबर २०२५.
४) आपले लिपिक श्री. ऋतुराज यांच्याशी खिडकीवर झालेले बोलणे, दि. २४ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. रविवार दि. ९ नोव्हेंबर रोजी सकाळच्या सरावात आमच्या संघाची खेळाडू कु. संचिता सुर्वे, वय १६, हिचा डावा पाय भराव मैदानावरील एका जुन्या खड्ड्यात गेला व गुडघ्याचा लिगामेंट तुटला. शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले आहेत. नऊ महिन्यांनंतर खेळता येईल का, असे तिच्या आईने विचारले, तेव्हा ते "बघू" म्हणाले. दोन दिवसांनी आपण खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी मैदान सरावाला बंद केले. तुळशीचे लग्न लागून गेल्यामुळे हळदीच्या मंडपांचे बुकिंग मात्र चालू आहे. मंडप हा खेळ नसल्यामुळे त्याला खेळाडूंच्या सुरक्षिततेचा नियम लागू होत नाही, असा खुलासा आपल्या पत्रात आहेच. उरलेल्या एकवीस मुली रोज साडेसहाला येतात आणि फाटकाबाहेर उभ्या राहतात. मी त्यांना येऊ नका असे सांगितले आहे, तरी येतात. १४ डिसेंबरला ठाण्यात जिल्हा निवड चाचणी आहे.

२. दि. १३ नोव्हेंबरच्या पाहणीत मैदानावर एकेचाळीस खड्डे आढळले. खुणा करण्यासाठी आपल्या कर्मचाऱ्यांकडे काही नव्हते, म्हणून त्यांनी आमच्या सरावाचे प्लास्टिकचे कोन मागितले व मी दिले. ते एकतीसच भरले. उरलेल्या दहा खड्ड्यांवर विटा ठेवल्या. संचिता पडली तो खड्डा क्र. १७. त्याच्यावर लाल कोन आहे. पुढे असे समजले की, खड्डा कोणत्या कार्यक्रमाचा हे ठरल्याशिवाय फाइल बंद होत नाही आणि आपल्याकडील बुकिंगच्या नोंदी तीनच वर्षे जपल्या जातात. श्री. ऋतुराज यांनी मला हे सोपे करून सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, खड्ड्याला बाप लागतो. बाप मिळाला की फाइल बंद. फाइल बंद झाली की मैदान चालू." बाकीच्या चाळीस खड्ड्यांचे काय, असे मी विचारले. त्यांत अजून कोणी पडलेले नाही, म्हणून त्यांना बाप लागत नाही, असे ते म्हणाले. माणूस वाईट नाही. मला त्यांनी खुर्ची दिली होती.

३. त्याच पाहणीच्या वेळी मंडप डेकोरेटर श्री. सर्वेश यांचा जबाब झाला. तो आपल्या फाइलमध्ये पान ६ वर आहे. "आमचे खड्डे आम्ही बुजवतो, नाय बुजवले तर आम्हाला बोला. पण हा सतरा नंबर आमचा नाय. हा मेढीचा आहे. मेढीला आम्ही हात लावत नाही, ती घरच्यांची असते." या जबाबावर पाहणीला आलेल्या साहेबांनी "असंबद्ध" असा शेरा मारलेला आहे. तो शेरा कृपया काढावा. सर्वेश बरोबर बोलत होते. लग्नाच्या मंडपाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. ती घरच्या माणसांनी पुजून रोवायची असते. खड्ड्यात आधी हळकुंड, सुपारी आणि एक नाणे टाकतात. मंडप उतरवताना डेकोरेटरची माणसे आपले सगळे खांब घेऊन जातात आणि मेढ तेवढी तशीच ठेवतात. ती नंतर घरच्यांनी उपटायची आणि खड्डा घरच्यांनी बुजवायचा. आमच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात तरी असेच आहे, आणि घरांपुढे आता अंगणे उरलेली नसल्यामुळे मांडव भराव मैदानावर पडतात.

४. त्यानंतर खड्डा क्र. १७ दोन फूट उकरण्यात आला. पंचनाम्यातील नोंद अशी : सुपारी एक, कुजलेली. हळकुंड एक. धातूची गोल चकती एक, काळी-हिरवी पडलेली, कडीसह, अक्षरे अस्पष्ट. पंच म्हणून खाली माझी सही आहे. ती चकती माझी आहे. मी ती त्याच वेळी ओळखली होती आणि काही न बोलता सही केली. याला आज एकोणीस दिवस झाले. उशिराबद्दल क्षमस्व.

५. चकतीची ओळख पटावी म्हणून थोडी माहिती देणे भाग आहे. मी याच मैदानावर फुटबॉल शिकले. तेव्हा तेथे कुंपण नव्हते. खाडीत भराव टाकून जमीन केली होती आणि भरतीच्या दिवसांत एक कोपरा ओला असायचा. माझे वडील श्री. दामाजी नाखवा होडीवरून आले की जाळे वाळत घालायला याच मैदानावर येत आणि मी मुलांमध्ये खेळत असले तरी काही बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले की, डाव्या पायाने मारतेस ते बरे, समोरच्याला कळत नाही. पुढे डोंबिवलीत मुलींचा संघ झाला, त्यात अकराच मुली होत्या, म्हणून आजारी पडायची सोय नव्हती. मी ठाणे जिल्ह्याकडून चार वर्षे खेळले, डाव्या बगलेवर. २०११ साली राज्याच्या आंतरजिल्हा स्पर्धेत आमचा संघ उपविजेता ठरला. पंचनाम्यातील चकती म्हणजे त्या स्पर्धेचे पदक. पुसून पाहिल्यास "उपविजेता" यातले "उप" दिसेल. बाकीचे दिसणार नाही, मी पाहिले आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये मला राज्य संघाच्या शिबिराचे पत्र आले. शिबिर ६ मे रोजी सुरू होणार होते. ६ मेला माझे लग्न होते. मला कोणी अडवले नाही, हे येथे मुद्दाम नमूद करते, कारण अशा गोष्टी सांगितल्या की ऐकणारे लगेच वडिलांना किंवा सासरला बोल लावतात. तारीख ठरलेली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी पत्र घडी करून ठेवले. एवढेच झाले.

६. ५ मे २०१३ रोजी सकाळी मेढ रोवायची होती. संघातल्या मुली आदल्या संध्याकाळपासून घरी होत्या. आमची गोलकीपर रसिका हिने गंमत म्हणून माझ्या गळ्यात ते पदक घातले होते, नवरीला दागिना हवा म्हणून. मेढ पुजून झाली, भटजींनी खड्ड्यात हळकुंड-सुपारी टाकली आणि नाणे मागितले. वडिलांनी नवे धोतर नेसले होते, सदरा नवा होता. खिशात काही नव्हते. काकाने चाचपले, त्याच्याकडे नोटा निघाल्या. भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. मी गळ्यातले पदक काढून वडिलांच्या हातात दिले. गोल आहे, धातूचे आहे, चालेल, असे मी म्हणाले. सगळे हसले, मीसुद्धा हसले. वडिलांनी ते खड्ड्यात टाकले आणि मला म्हणाले, "उद्या रुपया घालतो आनि तुझा ह्या काढून देतो." दुसऱ्या दिवशी लग्न झाले. वडिलांच्या ते लक्षात राहिले नाही, माझ्याही राहिले नाही. माझ्या लक्षात राहिले नाही, हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे.

७. मंडप उतरल्यावर मेढ भावाने उपटली. माझी आई शेवंती हिला मी गेल्या आठवड्यात विचारले. ती म्हणाली, "मेढ उपटली, पन खड्डा कोनी बुजवला नाय. सगली तुला पोचवाला गेलती." भावाने त्यात नारळाच्या झावळ्या आणि चार विटा टाकून वरून माती ओढली होती. झावळ्या कुजतात. आईने पत्र्याच्या डब्यातून २०१३ ची मंडपाची परवानगी काढून दिली, ती मूळ प्रत सोबत जोडली आहे. तिच्यावर आपल्याच कक्षाचा शिक्का आहे. अट क्र. ६ पाहावी : "कार्यक्रम संपताच सर्व खड्डे पूर्ववत बुजवून देण्यात येतील." खाली वडिलांची सही आहे. वडील २०२२ साली वारले. भाऊ कामानिमित्त परराज्यात असतो. श्री. ऋतुराज यांच्या भाषेत बोलायचे तर खड्ड्याचा बाप मिळाला आहे आणि तो वारला आहे. तरी वारस म्हणून माझे नाव घ्यावे. मंडप माझ्याच लग्नाचा असल्यामुळे यात कायद्याची अडचण येऊ नये.

८. एवढे पुरेसे होते. पण फाइल पूर्ण असावी असे आपल्याला वाटते, म्हणून पुढचेही लिहिते. लग्नानंतर सात वर्षे मी बॉलला पाय लावला नाही. नंतर प्रशिक्षकाचा परवाना काढला आणि २०२० च्या अखेरीस, कोरोनाची बंदी उठल्यावर, भराव मैदानावर मुली जमवल्या. तेव्हाच माझ्या लक्षात आले होते की डाव्या बगलेला, रेषेपासून आत आठ-दहा पावलांवर, जमीन खचते. दर पावसाळ्यानंतर मी तेथे दोन घमेली मुरूम टाकून पायाने दाबायचे. मुलींना सांगितले होते की तिथून जायचे नाही. हा खड्डा कोणाचा, असे मी कधी विचारले नाही. आपल्याकडे केलेल्या तिन्ही अर्जांत मी तो "मंडपवाल्यांचा" असे लिहिले. माझा मांडव त्याच बाजूला पडला होता, हे मला माहीत होते. पावले मोजली नाहीत, एवढेच.

पाच वर्षे आमचा संघ उजवीकडूनच चढाई करतो. माजिवड्याच्या एका संघाचे प्रशिक्षक मला एकदा म्हणाले की तुमच्या मुली उजवी बाजू फार छान वापरतात, ही काय योजना आहे? मी हो म्हटले. पुढे आणखी दोघांनी विचारले. मग ती योजनाच झाली.

९. कु. संचिता डावखुरी आहे, म्हणजे पायाने. आमच्याकडे आलेली ती एकटीच तशी मुलगी. मी तिला चार वर्षे उजवीकडे खेळवले. ती कुरकुर करायची, पण खेळायची. निवड चाचणी जवळ आली तेव्हा तिला तिच्या बाजूला न खेळवणे मला चुकीचे वाटले, म्हणून २ नोव्हेंबरच्या रविवारी मी तिला डाव्या बगलेवर आणले आणि सांगितले की बॉल जिथे येईल तिथे जा, बाकी काही बघू नकोस. पुढच्या रविवारी ती गेली. शस्त्रक्रियेनंतर मी तिला भेटायला गेले, तेव्हा ती मला म्हणाली, "टीचर, तुम्ही बोललेलात तिथून नको जाऊ. माझ्या लक्षात होतं. पण बॉल तिथेच आलेला." ती माझी माफी मागत होती. तिची आई श्रीमती नंदा सुर्वे एमआयडीसीत पॅकिंगला जातात, त्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली होती. त्यांनी मला चहा केला. आपल्या फाइलमध्ये पान ११ वर त्यांचा जबाब आहे : "माझी कोणावरही तक्रार नाही. टीचर मुलींसाठी खूप करतात." हा जबाब त्यांनी पंचनाम्यातील चकती कोणाची हे माहीत नसताना दिलेला आहे. मी त्यांना काल सांगितले. त्यांनी जबाब बदलण्यास नकार दिला. तो बदलावा असे माझे म्हणणे होते, याची नोंद घ्यावी.

१०. या सर्वाबद्दल मला काय वाटते, हे अर्जात लिहायचे असते का, याची कल्पना नाही. मला रडू आलेले नाही. गुडघ्यात बधिर करायची सुई दिल्यावर हात लावला की तो आपला गुडघा नसून दुसऱ्या कोणाचा आहे असे वाटते. गेले तीन आठवडे मला सगळेच तसे वाटते. सकाळी उठते, डबा करते, बस पकडते, फाटकाशी मुलींसोबत उभी राहते, परत येते. घरी यजमान विचारतात की झाले का काही, मी नाही म्हणते. पण मुलींना फाटकाबाहेर पाहून मात्र मला लाज वाटते. ती अगदी स्पष्ट वाटते.

११. आपल्या मैदान वापर नियमावलीतील नियम ९ (क) मी वाचला आहे. त्यानुसार मैदानाची हानी केल्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर निश्चित होते, तिला निश्चितीच्या तारखेपासून तीन वर्षे मैदानावर कोणत्याही कारणाने प्रवेश नाही. श्री. ऋतुराज यांनी मला सांगून पाहिले की बाप वारलेला दाखवू, वारसाचा रकाना कोरा ठेवू, तुमचे नाव कशाला घालता. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु रकाना कोरा असला तर फाइल वर जाऊन परत येते, त्याला दोन महिने लागतात, असे त्यांनीच सांगितले. चाचणी बारा दिवसांवर आहे. तरी विनंती की,

(अ) खड्डा क्र. १७ ची जबाबदारी माझ्या नावे निश्चित करावी. वारसाच्या रकान्यात माझे पूर्ण नाव लिहावे.

(आ) फाइल या आठवड्यातच बंद करून सोमवार दि. ८ डिसेंबरपासून मैदान मुलींना खुले करावे. आमचे एकतीस कोनही परत मिळावेत, ते सरावाला लागतात.

(इ) माझ्या जागी श्रीमती रसिका ठोंबरे यांचे नाव प्रशिक्षक म्हणून लावावे. त्यांच्याकडे परवाना नाही, परंतु त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. परवान्यासाठी त्यांनी नाव नोंदवले आहे. पदक माझ्या गळ्यात घालणारी रसिका ती हीच. त्यामुळे तिलाही दोषी धरू नये, ती गंमत होती.

(ई) उरलेले चाळीस खड्डे कोणी पडण्याआधी बुजवावेत. ही विनंती मी चौथ्यांदा करत आहे.

१२. शेवटची विनंती नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. खड्डा क्र. १७ बुजविण्याचे काम आपण ठेकेदाराला दिल्याचे समजते. ठेकेदाराची माणसे श्री. सर्वेश यांच्याच वाडीतली आहेत. त्यांनी मला निरोप पाठवला आहे की मेढीचा खड्डा आम्ही बुजवणार नाही, तो घरच्यांनी बुजवायचा असतो. त्यांचेही बरोबर आहे. आई सत्तरीची आहे, तिला कुदळ झेपणार नाही. घरचे म्हणून मीच उरते. म्हणून माझ्या बंदीचा अंमल सोमवारी सकाळी सुरू करावा आणि रविवार दि. ७ डिसेंबर रोजी सकाळी सात ते आठ या वेळेत मला कुदळ, फावडे व घमेले घेऊन मैदानात येण्याची एक तासाची परवानगी द्यावी. त्या वेळी मुली फाटकाबाहेर असतील. त्यांना आत घेणार नाही.

या वेळी विटा-झावळ्या न टाकता मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, ठोकून घेईन. त्यावरून डाव्या पायाच्या मुलीला बिनधास्त धावता आले पाहिजे. आपण माणूस पाठवून तपासून घ्यावे.

पदक मला परत नको. ते फाइललाच जोडून ठेवावे. संचिताला द्यावे असे आईने सुचवले होते, मी नको म्हटले, कारण ते उपविजेत्याचे आहे आणि तिचे तिला मिळायचे आहे. मात्र पदक बाहेर आल्यामुळे खड्ड्यात नाण्याची जागा रिकामी झाली आहे. वडिलांनी "उद्या घालतो" म्हटले होते तो रुपया मी रविवारी सोबत आणीन.

आपली नम्र, आणि रविवारी सकाळी आठपर्यंत प्रशिक्षक,

(सही)
सौ. हेमांगी जयेश तरे

सोबत जोडलेली कागदपत्रे व वस्तू :
१. मंडप परवानगी, मे २०१३, मूळ प्रत (श्री. दामाजी नाखवा यांच्या सहीसह).
२. वडिलांचा मृत्यू दाखला, छायाप्रत.
३. राज्य शिबिराचे पत्र, एप्रिल २०१३. त्यात २०११ च्या उपविजेतेपदाचा उल्लेख आहे, पदक माझेच होते याचा पुरावा म्हणून. घडीवर फाटले आहे.
४. एकवीस मुलींची यादी. बाविसावे नाव खोडलेले नाही, कृपया खोडू नये.
५. साहित्याच्या खोलीची किल्ली.
६. शिट्टी, एक. दोरीसह.